चाललं म्हणजे झालं

दिवाळी झाली की आमच्या जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या लागतात, आणि तिथून होळीपर्यंत मला घरदार नसतं. मी तिथला मुनीम. वजनकाटा, भाव, हमाली, सरकी किती, रुईच्या गाठी किती, सगळं माझ्या वहीत. उन्हं तापायला लागली की आवक आटते, डबल रोलरच्या मशिनी एकेक करून गप्प होतात आणि मुनीम संध्याकाळी सहाला घरी पोचतो. धरणगावात कोपऱ्यात पोती पांघरून ठेवलेले कूलर बाहेर काढायचे ते नेमके हेच दिवस. माणूस रिकामा, हातात पक्कड, आणि गल्लीत बिघडलेल्या वस्तूंना तोटा नाही. वडील होते तोवर म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. त्यांचं म्हणणं खोडून काढण्याजोगं माझ्या हातून अजून काही घडलेलं नाही.

शिक्षण बी.कॉम. विजेचं कसलंही सर्टिफिकेट माझ्यापाशी नाही. जे शिकलो ते जिनिंगमधल्या मिस्त्रीचाचांच्या मागे उभं राहून, 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे रद्दीत मिळालेले अंक चाळून आणि लोकांच्या वस्तू उघडून. दुरुस्तीचे पैसे मी कधी घेतले नाहीत. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. आता सांगत नाही, कारण फुकट काम करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही आणि मला त्याचीच सवय लागली होती.

शाळेत असताना शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल वाचलं होतं. १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा मालाचं आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली आणि मुंबईत बसून भिशांनी ती जिंकली. पुढे छपाईचे खिळे पाडणारं भिसोटाइप यंत्र त्यांनी केलं, पण ते बाजारात आणताना भांडवलापायी सगळं रखडलं. माझ्या डोक्यात स्पर्धा राहिली, रखडणं राहिलं नाही. हौशी माणसाचं वाचन असंच असतं.

पहिला बळी वडिलांच्या ट्रान्झिस्टरचा. तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून लायसन काढावं लागायचं, आणि आमच्या घरात तो देवघराशेजारच्या फळीवर बसायचा. आवाज बारीक झाला होता. बहुधा सेल उतरले असावेत. नवे घालून बघितले असते तर भागलं असतं. मी मागचं झाकण उघडलं. आत पत्र्याच्या नखाएवढ्या चार डब्या, प्रत्येकीच्या डोक्यावर रंगीत स्क्रू: लाल, पिवळा, पांढरा, काळा. लाल ती ऑसिलेटरची कॉइल, बाकीच्या तीन आय.एफ.च्या. कुठलंही स्टेशन लावा, रेडिओ आतल्या आत ते ४५५ किलोहर्ट्झवर आणून ठेवतो आणि या तीन डब्या तेवढीच लहर पुढे सोडतात. त्या कारखान्यात एकमेकींशी जुळवून दिलेल्या असतात. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा दिसले ते स्क्रू, आणि स्क्रू दिसला की तो सैलच झाला असणार, असं वाटायचं ते वय. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने मी सगळे घट्ट पिळले. आतला फेराइटचा गाभा ठिसूळ. काळ्या डबीतला कट्‌ आवाज करून चिरला.

रेडिओ सुरू केला तर सगळ्या बँडवर नुसता सूंऽऽ. बुधवार होता. रात्री आठला सिलोनवर बिनाका लागायचं आणि ते ऐकायला शेजारची पोरंसुद्धा आमच्या ओट्यावर येऊन बसायची.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी तो बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मी बरोबर. त्याने डबी बदलली आणि मग खिशातून प्लास्टिकची काडी काढली. विणकामाची सुई घासून तिचं टोक चपटं केलेलं. एक दूरचं, अशक्त स्टेशन लावलं, कान रेडिओपाशी नेला आणि शेवटच्या डबीपासून उलटं येत एकेक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. प्रत्येक डबीपाशी आवाज फुगून वर येई आणि तो हात काढून घेई. लोखंड जवळ नेलं की कॉइलचा गुण बदलतो, स्क्रूड्रायव्हर काढला की पुन्हा तिसराच होतो, म्हणून प्लास्टिक. हे सगळं तो कामात बोलत होता, आणि मधेच मान वर न करता म्हणाला, "हे कोणी फिरवलं?" वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माहीत नाही." वडिलांनी पैसे दिले. घरी येताना चकार शब्द बोलले नाहीत.

रेडिओ बिघडवल्याचं मला आता काही वाटत नाही. जळालं, तुटलं, चिरलं, ते लगेच दिसतं. ज्याला दिसतं तो तुम्हाला पुन्हा हात लावू देत नाही आणि तिथे ते संपतं. माझ्या हातून झालेली खरी नुकसानं वेगळ्या जातीची. ती सगळी चालली.

बहिणीच्या घरचा पंखा त्यातलाच. गरगर फिरायचा, वारा नाही. दाजी म्हणाले, बघा जरा. छताच्या पंख्याला साधारण अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो म्हातारा झाला की पंखा मंदावतो, आणि तेवढ्याच मापाचा नवा घातला की काम झालं. पण माझ्या खिशात चारचा होता. मोठा घातला तर पंखा पळतो, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. घातला. पंखा असा पळाला की कॅलेंडर भिंतीवरून निघालं. दाजींनी गल्लीतल्या दोघांना बोलावून दाखवला. पंखा किंचित गुणगुणायचा आणि मधलं भांडं हात ठेववत नाही इतकं तापायचं, पण वर चढून हात कोण ठेवतो? पुढच्या उन्हाळ्याआधी वाइंडिंग जळालं. जास्तीचा करंट एका वाइंडिंगमधून सतत जात राहिला की आतलं वार्निश हळूहळू भाजतं. "जुनाच होता," दाजी म्हणाले. "हो, जुना होता," मी म्हणालो. रिवाइंडिंगचा खर्च त्यांचा.

आता पाण्याचं. बालकवी धरणगावचे, १८९० साली इथेच जन्मले. निर्झरावर कविता लिहिणाऱ्या कवीचं हे गाव, आणि इथे रोज उठून विचारायचा प्रश्न काय, तर "नळ आले का?" पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा वेळेचा भरवसा नाही. पहाटे तीनलाही येतं. अंगणात जमिनीखाली हौद, गच्चीवर प्लास्टिकची टाकी, मधे एक हॉर्सपॉवरची मोटर. कुणीतरी जागं राहायचं, हौद भरला की मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. हे जागरण बायकोचं असायचं. त्यामुळे पाण्यावर आपोआप चालणारं यंत्र करायचं मी ठरवलं, त्यात पुण्य होतं असं मला वाटत होतं.

सर्किट सोपं. पाण्यात तारा सोडायच्या; पाणी वर चढून वरच्या तारेला लागलं की त्यातून इवलासा करंट वाहतो, बीसी १४८ ट्रान्झिस्टर तो ओळखतो आणि हौदात लागलं तर रिले ओढतो, टाकीत लागलं तर सोडतो. तांब्याच्या तारा वापरल्या. काही दिवसांतच एक तार हिरवी पडून झिजली, दुसरीवर पांढरं किटण चढलं. आमचं पाणी क्षाराचं, आणि त्यातून एकाच दिशेचा करंट सारखा वाहत ठेवला की एका तारेचं तांबं पाण्यात उतरतं. पुस्तकात हे विद्युतविलेपनाच्या धड्यात असतं. टाकीवर चढून बघेपर्यंत मला ते आठवलं नाही, आणि तोवर ते पाणी आम्ही प्यायलोही होतो. मग स्टीलच्या दोन चमच्यांचे दांडे कापले. चमचे आहेराचे होते. ते प्रकरण वेगळं.

चमच्यांवर यंत्र छान चाललं. पहाटे मोटर आपली आपण लागायची, आपली आपण थांबायची आणि आम्ही सगळे झोपलेले. जिनिंगमध्ये मी हे इतक्यांदा सांगितलं की चाचा एकदा बघायला आले. त्यांनी पेटी उघडली, रिले बोटाने दाबून बघितला आणि विचारलं, "कितीचा आहे?"

"सहा अँपिअर."

"आणि मोटर?"

"घेते पाचेक."

"चालताना पाच. उठताना?"

मोटर जागची हलताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, हे मला माहीत होतं. रिलेच्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमध्ये तेवढ्या करंटने ठिणगी पडते, धातू वितळतो आणि एखाद्या दिवशी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून बसतात. चाचा म्हणाले, जुन्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर देतो, रिलेने तो ओढ आणि त्याने मोटर. मी हो म्हटलं. पण यंत्र चालत होतं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची, म्हणून तो कॉन्टॅक्टर जिनिंगच्या कपाटातच राहिला.

चिकटायचा दिवस रिलेने नीट निवडला. बऱ्याच दिवसांनी नळ आले होते, रात्रीचे. टाकी भरली, सर्किटने रिले सोडला, कॉन्टॅक्ट काही सुटले नाहीत. पाणी टाकीवरून गच्चीवर, गच्चीवरून पन्हाळीतून शेजारच्या काकूंच्या पत्र्यावर आणि तिथून त्यांच्या अंगणात. अंगणात वर्षाचे गहू वाळत घातलेले, रात्रीपुरते चादरीखाली झाकून ठेवलेले. काकू दारावर थापा मारत होत्या. "ओ भाऊ! टाकी फुटनी का तुमनी? पानी वाया जाई ऱ्हायनं!" मी उठलो तेव्हा मोटर कोरडी फिरत होती, कारण हौद रिकामा झाला होता. आठवड्याचं पाणी गटारीत. गल्लीतली माणसं दारात उभी राहून ते वाहताना बघत होती. कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं.

गहू पुन्हा वाळवायला आमच्या घरातली सगळी माणसं लागली. कॉन्टॅक्टर त्याच संध्याकाळी बसला. काकूंना मी सांगितलं, "मशीन बिघडलं." बिघडलं नव्हतं. पहिल्या दिवशी होतं तसंच होतं.

आता कूलर. हे लिहायचं म्हणून बाकीचं लिहिलं.

खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, कधी वर जातो. इथला घरोघरीचा कूलर लोखंडी पत्र्याचा. पोटात पाणी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, मधे पंखा आणि पाणी वर फेकणारा बोटभर पंप. पाणी, पत्रा आणि वीज इतकी जवळजवळ दुसऱ्या कुठल्या घरगुती वस्तूत नांदत नाहीत. पंपाचं सील गेलं किंवा मोटरचं वाइंडिंग ओलं झालं की बॉडीला करंट उतरतो. बॉडी अर्थिंगला जोडलेली असेल तर तो जमिनीत निघून जातो. पण आमच्यासारख्या जुन्या घरांना अर्थिंग कुठलं? तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. मग लोक उपाय करतात. कूलर लाकडी पाटावर ठेवतात, प्लास्टिकची चप्पल घालून पाणी भरतात, दोन पिनांचा प्लग असेल तर उलटा करून लावतात. उलटा केला की चिमटा कधीकधी कमी होतो, म्हणून लोकांना वाटतं झालं.

आमचा कूलर आईला झिणझिण्या आणायचा. मी विचार केला, आणि तो विचार अजूनही मला तसा सुसंगत वाटतो, हेच वाईट. डीपीपाशी न्यूट्रलची तार जमिनीत गाडलेली असते. म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच. मग घरात अर्थ नसेल तर सॉकेटमधल्या मोठ्या भोकाला न्यूट्रलचीच तार जोडायची. बोटभर वायरचा तुकडा आणि दोन स्क्रू. टेस्टरने फेज कुठली, न्यूट्रल कुठली ते तपासून जोडली. कूलर लावला, उलटा हात फिरवला. काही नाही. ओल्या पायांनी उभं राहून फिरवला. काही नाही. टेस्टर बॉडीला टेकवला तर आतला दिवा लागेना. आईला म्हटलं, "आता बिनधास्त हात लाव."

गल्लीत बातमी गेली. मुनीम कूलरचा करंट काढून देतो, पैसे घेत नाही. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या, कुणी बोलावलं की मी खिशात वायरचे तुकडे कापूनच नेत असे. चहा व्हायच्या आत काम व्हायचं. सॉकेट उघडायचं, तुकडा घालायचा, झाकण लावायचं, आणि मग घरातल्या लहान मुलाचा हात धरून कूलरला लावायचा. हे मी खरोखर करायचो.

आता ती बोटभर वायर काय करते ते सांगतो. घरातला प्रत्येक दिवा, पंखा, फ्रिज फेजमधून वीज घेतो आणि न्यूट्रलमधून परत पाठवतो. खांबावरच्या जोडात ती न्यूट्रल तुटली तर परतीची वाट बंद. दिवे विझतात, पंखे थांबतात, घरातल्यांना वाटतं लाईट गेली. पण फेज घरात आहेच. ती दिव्यातून, फ्रिजमधून पलीकडे जाऊन घरातल्या साऱ्या न्यूट्रल तारांवर येऊन थांबते, आणि तिथून माझ्या तुकड्यावरून कूलरच्या पत्र्यावर. कूलरचं बटण बंद असलं तरी फरक पडत नाही. तो तुकडा बटणातून जातच नाही.

आमच्या घरी नियम होता की कूलरमध्ये पाणी भरायचं ते लाईट गेल्यावर. चांगला नियम. आई तो कसोशीने पाळायची.

मे महिन्यात एका दुपारी वावटळ उठली, खांबावर तारा हलल्या आणि पंखा थांबला. मी आतल्या खोलीत होतो. समोरच्या घरातला टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता. त्यांच्याकडे लाईट आहे आणि आमच्याकडे नाही, म्हणून मी टेस्टर घेऊन सॉकेटपाशी गेलो. उजव्या भोकात घातला, दिवा लागला. सवयीने डाव्या भोकात घातला. तिथेही लागला. दोन्ही भोकांत दिवा लागला म्हणजे न्यूट्रल तुटली, हे चाचांनी शिकवलेलं पहिल्या दिवसांतलं वाक्य. ते आठवलं, त्याच्या पुढचं वाक्य डोक्यात जुळायला लागलं, आणि बाहेरून बादली पडल्याचा आवाज आला.

आई खाटेवर कोसळली होती. हातात प्लास्टिकची बादली होती, आणि पाणी ओतताना तिच्या हाताची मागची बाजू पत्र्याला लागली. मागची बाजू लागली म्हणून ती वाचली. करंटने स्नायू आखडतात. तळवा लागला असता तर बोटांनी पत्रा घट्ट धरला असता, मागची बाजू लागली की हात उडून बाजूला होतो. मी मेन स्विच ओढला आणि तिच्यापाशी गेलो. चेहरा पांढराफटक. हात चोळत तिने विचारलं, "करंट शे का रे त्याले? तू तर नही म्हणे."

मी म्हणालो, "लाईट एकदम आली वाटतं."

डॉक्टरांना दाखवलं, पट्टी काढून हृदय तपासलं, ठीक होतं. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. लाईनमन येऊन खांबावरचा जोड करून गेला, त्यालाही काही बोललो नाही. रात्री सगळे झोपल्यावर सॉकेट उघडलं आणि तुकडा काढला. इन्सुलेशन नव्यासारखं होतं. त्याच्याकडून काही चूक झाली नव्हती.

चाचांना मात्र सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते ऑइलचे हात चिंध्यांना पुसत राहिले आणि एवढंच म्हणाले, "अजून किती घरं केली, मुनीमजी?"

त्यानंतर मी अर्थिंगचा खड्डा खणला, चाचांच्या देखरेखीखाली. जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती चांगली वाहक, पण एप्रिल-मेमध्ये वाळून हातभर भेगा पडतात आणि पाइपभोवतीची माती त्याला सोडून देते. म्हणजे कूलर चालू असतात तेव्हाच अर्थिंग सगळ्यात दुबळं, आणि ते टिकवायला पाणी घालायचं तेव्हाच नळाला पाणी नाही. मी बादली घेऊन निघालो की बायको म्हणते, "प्यायला पाणी नाही आणि हे खड्ड्याला पाजतात." रोज ऐकतो, रोज घालतो. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबीही बसवलं. माणसाच्या अंगातून तेवढा करंट जमिनीकडे निसटला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतं, आणि त्याला काम करायला अर्थिंगही लागत नाही. हजार-दोन हजारांची वस्तू. ती आधीही बाजारात मिळत होती. जळगावच्या गोलाणी मार्केटला मी ट्रान्झिस्टर घ्यायला जायचो तेव्हा तिच्या शेजारून गेलो असेन. पण ती विकत आणायची होती, केलेली नव्हती. त्यामुळे माझं लक्षच गेलं नाही.

राहिली घरं.

एकेका घरी जायला लागलो. काय सांगायचं ते वाटेत ठरवायचो आणि दारात बदलायचो. "सॉकेट जुनं झालंय, बदलून देतो." असं म्हणून तुकडा काढायचा, सॉकेट बदलायचं, खर्च माझा. एका घरी आजोबा म्हणाले, "तुम्ही हात लावला तेव्हापासून एकदाही करंट नाही आला हो," आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी तुकडा मुठीत धरून चहा प्यायलो. मग त्यांनी मिक्सर आणून ठेवला, भांडं फिरत नाही म्हणून. तोही दुरुस्त केला. मिक्सरच्या कपलरचे आटे उलटे असतात, सुलट्या दिशेने पिळलं की तुटतो. तेवढं मला नीट येत होतं.

तुकडा काढल्यावर त्यांचा कूलर पुन्हा चिमटे काढणार, हे उघड होतं. काढायलाही लागले. आता माझ्या मागे बोलतात की मुनीमने चांगलं चाललेलं बिघडवलं. काकूंनी तर तोंडावर म्हटलं. त्यांना मात्र मी खरं सांगितलं, गव्हाच्या वेळचंही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि "मग खड्डा कितीला पडतो?" म्हणाल्या. त्यांचा खड्डा आम्ही दिवाळीआधी केला.

एक घर उरलं होतं. त्या घरचा पोरगा सुरतला गेला होता, उधन्याला, कापडाच्या मिलमध्ये. आमच्या स्टेशनवरून थेट गाडी असल्याने खानदेशातली अर्धी तरणी माणसं तिथेच आहेत. घराला कुलूप होतं. सॉकेट भिंतीत, मीटर चालू. मी त्याच्या मावशीकडून नंबर घेतला आणि फोन केला. समोर माणूस दिसत नव्हता म्हणून असेल, पण सगळं नीट सांगितलं, आईच्या हातासकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, तुम्ही करताना मी बघितलं होतं. इकडच्या खोलीत पण मी तसंच केलंय. शेजारच्या दोन खोल्यांत पण."

मी त्याला आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग कुठला स्क्रू, कुठली वायर, ते फोनवर एकेक सांगत गेलो आणि त्याने तुकडा काढला. शेजारच्या दोन खोल्यांतही आजच जातो म्हणाला. खोली तिसऱ्या मजल्यावर, भाड्याची, तिथे खड्डा कुठे खणणार? मी ईएलसीबीबद्दल सांगितलं. "केवढ्याले भेटस?" किंमत ऐकून म्हणाला, पगार झाला की बघतो.

तोवर कूलरचा प्लग भिंतीतून उपटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, लाईट असो नसो. हे मी त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. मग विचारलं, पाणी कोण भरतं कूलरमध्ये?

"बायको."

"फोन तिच्याकडे दे," मी म्हणालो.